उंबरठ्यातले अकरा सेकंद

बोका दारात येऊन थांबला आणि आस्ता खुर्चीत ताठ झाली.

ॲनिमेशनच्या शाळेत मंगळवारचा सकाळचा रिव्ह्यू, म्हणजे झालेल्या कामाची तपासणी, चालली होती. अंधार केलेल्या खोलीत चौदा विद्यार्थी, प्रत्येकाच्या हातात कॉफीचा मग, आणि समोरच्या पडद्यावर वर्गातल्याच विलाड्सच्या फिल्ममधला नवा शॉट. बंदरावरची खानावळ, आणि तिथे दोन पायांवर चालणारा एक म्हातारा दारुडा बोका बिअरचा पेला घेऊन दारातून आत येतो, एवढंच त्यात घडायचं होतं. बोका उंबरठ्यापाशी आला नि थबकला. पाय जागच्या जागी थरथरू लागले. डाव्या हातातला पेला हिंदकळून बिअर मिशांवर उडाली. उजव्या हाताची बोटं मांडीवर टकटक वाजायला लागली, त्या टकटकीची झाली खाज, बोक्यानं कराकरा मांडी खाजवली, एक पिसू टुणकन उडाली, आणि बोका झोकांडी खाऊन आत आपटला. खोलीतली पोरं हसून हसून आडवी झाली.

आस्ता हसली नाही. तिला ते थांबणं पाठ होतं. आधी खांदा पुढे होतो, गुडघा मात्र मागेच राहतो. नजर पायांकडे नसते, दारापलीकडच्या टेबलाकडे असते, कारण माणसाला तिथे पोचायचं असतं. हे सगळं तिनं एकेक चित्र पुढे सरकवत शंभरदा पाहिलं होतं. त्या बोक्याला मिशा होत्या, शेपूट होतं, पण चालणं तिच्या बापाचं होतं.

बापाचं नाव हेल्गे. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं त्यानं. गावातल्या निम्म्या घरांच्या चौकटी त्यानं ओळंब्यात बसवलेल्या. साठी उलटली आणि कंपवात झाला. हात थरथरतो ते सगळ्यांना माहीत असतं, पण ह्या रोगाची दुसरी खोड लोकांना माहीत नसते. मोकळ्या वाटेवर माणूस बरा चालतो आणि दार आलं की पाय रुसतात. समोर काही नसतं, खाली काही नसतं, तरी पाऊल उचलत नाही. जन्मभर ज्यानं लोकांना दारं करून दिली, त्याला दारातच अडवायचं, ह्याला काय म्हणावं!

पण हेल्गे हार जाणारा नव्हता. लहानपणी तो गावच्या मुलांच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा, लाल डगला आणि केसाळ टोपी घालून. दारात पाय अडकला की तो बोटांनी मांडीवर त्या बँडचं कूच, म्हणजे कवायतीची धून, वाजवायचा, तोंडातल्या तोंडात गुणगुणायचा, आणि चौथ्या ठोक्याला पाऊल उचलायचा. कधी पाच सेकंद लागत, कधी पंधरा. पण जायचा. स्वतःच्या पायांनी जायचा.

मग दोन वर्षांपूर्वी ती बसची गोष्ट घडली. बसलाही दार असतंच. सकाळी दहाची वेळ, हेल्गे पायरीवर अडकला, हातातली पिशवी थरथरत होती. ड्रायव्हर म्हणाला, "एवढ्या सकाळी, आजोबा? घरी जा, झोपा, उतरली की या." मागून कोणीतरी फिसकन हसलं, बाकीच्यांनी माना फोनमध्ये घातल्या. हेल्गे पायरीवरून उतरला. पिशवी घेऊन चालत घरी आला, आणि त्या दिवसापासून ना बसमध्ये चढला, ना घराबाहेर पडला. आस्ताची आई केव्हाच ऑलबोर्गला दुसऱ्या संसारात. तेव्हा दूध, पाव, बटाटे शेजारीण आणून द्यायची. माणूस बंद पडला तो रोगानं नव्हे, एका वाक्यानं.

म्हणून गेल्या पानगळीत आस्तानं त्याला व्हिडिओबद्दल विचारलं तेव्हा ती घाबरत घाबरतच विचारत होती. शाळेत अभ्यास दिला होता, 'एक माणूस, एक दार, शब्द नाही'. पात्र हलवण्याआधी माणूस कसा हलतो ते कॅमेऱ्यात घ्यायचं आणि त्यावरून शिकायचं, ही तिथली रीत.

"माझं चालणं?" हेल्गे म्हणाला. "अगं, चांगली चालणारी माणसं संपली का देशात?"

"मला तुझंच हवंय, बाबा."

"पडलो तर विम्याचे कागद तू भरायचेस." पण दुसऱ्या दिवशी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघराच्या दारात हजर होता. हातात कॉफीचा कप. तीनदा आला, तीनदा अडकला, तीनदा आत पोचला. तिसऱ्यांदा कप टेबलावर ठेवून कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "सांडली नाही, बघ."

आता त्या शाळेचे नियम. पहिला नियम असा, की असा रेफरन्सचा, म्हणजे नमुन्याचा, व्हिडिओ कोणाचा खाजगी नसतो. तो सामाईक फोल्डरमध्ये टाकायचा, ज्याला हवा त्यानं वापरायचा. आस्तानं इमानदारीत टाकला आणि वर नाव लिहिलं, 'बाबा, स्वयंपाकघराचं दार'. दुसरा नियम प्रेबेनचा. प्रेबेन म्हणजे अभिनय शिकवणारा मास्तर, धंद्यातला मुरलेला माणूस. तो म्हणायचा, "व्हिडिओ बघताना आवाज बंद करा. आवाज फसवतो, अंग फसवत नाही." पोरं बिचारी आवाज बंद करून बघायची. तिसरा नियम सगळ्यांच्या आवडीचा होता. रिव्ह्यूमध्ये कोणीही कोणालाही 'करून दाखव' म्हणू शकायचं. मग ज्याचा शॉट त्यानं उठून सगळ्यांसमोर तो स्वतःच्या अंगानं करायचा, आणि विचारलं की सांगायचं, ह्या क्षणी पात्राला काय हवंय.

आस्तानं तो अभ्यास जीव ओतून केला. तिच्या शॉटमध्ये एक म्हातारा दारात थांबतो, अकरा सेकंद थांबतो, आणि आत येतो. प्रेबेननं तो पाहिला आणि नाक चोळलं.

"आस्ता, अकरा सेकंद काही होत नाही."

"होतं ना. तो प्रयत्न करतोय."

"प्रेक्षक तोवर उठून घरी जाईल. तीन सेकंदांत बसव."

आणि आस्तानं बसवला. पहिलं वर्ष, मास्तर मोठा, आपल्यालाच कळत नसेल असं वाटलं तिला. ढोल गेला, गुणगुणणं नव्हतंच, उरला एक म्हातारा जो दारात किंचित अडखळतो. तो कोणाच्या लक्षातही राहिला नाही. त्या गोष्टीचा तिला मनातून चटका बसला होता, पण बोलली नव्हती ती.

रिव्ह्यू संपला तसं तिनं विलाड्सला कॉफीच्या मशिनपाशी गाठलं. विलाड्स वर्गाच्या फिल्मचा दिग्दर्शक. उंच, हसरा, शिक्षकांचा लाडका.

"तो व्हिडिओ तू कुठून घेतलास?"

"सामाईक फोल्डरमधून. का गं? भारी आहे ना? काय अंग आहे त्या माणसाचं!"

"तो माझा बाप आहे."

विलाड्सचा मग ओठांपाशीच थांबला. "अरेच्चा," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "मस्त पितो गं तो."

आस्ताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्याला कंपवात आहे, गाढवा! त्याच्या हातात कॉफी होती!"

"मला कसं कळणार? मी आवाज बंद ठेवला होता."

"नाव तरी वाचलंस? पहिलाच शब्द 'बाबा' होता."

"नऊशे व्हिडिओ आहेत तिथे, नावं कोण वाचत बसतं? आणि बाबा तर बाबा. कोणाचा तरी असणारच की." मग त्यानं समजुतीचा सूर लावला. "ओळखणार कोण, आस्ता? बोका आहे तो. त्याला शेपूट आहे."

"मी एका क्षणात ओळखलं. तो स्वतः नाही ओळखणार? शनिवारी येतोय तो."

शनिवारी गावातल्या थिएटरात वर्षभराचं काम दाखवायचं होतं, अभ्यासाचे शॉट आणि शेवटी ही फिल्म. आईबाप यायचे, शेजारीपाजारी यायचे. हेल्गेनं तिसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची सांगून ठेवली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा तो घराबाहेर पडणार होता, आणि कशासाठी, तर दीडशे माणसं आपल्याला दारुडा म्हणून हसताना ऐकायला.

"मग त्याला सांग, कौतुक समज म्हणावं," विलाड्स म्हणाला. "सबंध फिल्ममध्ये सगळ्यात मोठा हशा त्याचाच आहे."

ह्या पोरावर हात उगारू नये म्हणून आस्तानं दोन्ही हात खिशात घातले आणि प्रेबेनकडे गेली. तिथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, मास्तरशीही अरेतुरे चालतं, दारं सताड उघडी. फार समानता. फक्त शेवटचा शब्द कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक असतं.

प्रेबेननं शांतपणे ऐकून घेतलं. "हे बघ, आपण माणसांकडूनच उचलतो. तूच आणलंस की त्याला इथे."

"मी विचारून आणलं. आणि मी त्याला दारू नाही पाजली."

"तुझ्या शॉटला कोणी हललं नव्हतं, विलाड्सच्या शॉटला खोली हलली. मला वाटतं, तुला तेही थोडं झोंबतंय."

घ्या! चोर तो चोर, वर शिरजोर. आस्ताचे कान लाल झाले. "मी मोजलंय, प्रेबेन. तो बोका दारात नऊ सेकंद उभा आहे. माझ्या म्हाताऱ्याला तीनच्या वर परवानगी नव्हती."

"हसताना वेळ कळत नाही," प्रेबेन म्हणाला. आणि समजावत पुढे म्हणाला, "शॉट दिग्दर्शकाचा. गुरुवारी शेवटचा रिव्ह्यू आहे. काही म्हणायचं असेल तर तिथे म्हण, पण कामाबद्दल बोल, घरच्या गोष्टी नकोत."

म्हणजे बघा न्याय. माणूस माणूस म्हणून दारात अडकला तर अकरा सेकंद फार होतात, आणि त्याच माणसाच्या हाती बिअर दिली, शेपूट लावलं, अंगावर पिसवा सोडल्या की नऊ सेकंद चुटकीसरशी जातात. वर म्हणे, घरच्या गोष्टी नकोत! घरातलं उचलून नेताना घर आठवलं नव्हतं कोणाला.

संध्याकाळी ती बापाकडे गेली. हेल्गे बटाटे उकडत होता. घरातल्या प्रत्येक दारापुढे जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारलेल्या, ओलांडायला काही दिसलं की पाय ऐकतो म्हणून. खुंटीवर निळा शर्ट इस्त्री करून टांगला होता. शनिवारला चार दिवस होते अजून.

आस्तानं वारा फार सुटलाय म्हणून सांगितलं. तळ्यावर अजून बर्फ आहे म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, शनिवारी फार गर्दी असते. नाही आलास तरी चालेल."

हेल्गेनं सुरी खाली ठेवली. "पोरी, चाळीस वर्षं भिंती बांधल्या मी. भिंत वाकडी झाली की गवंडी मालकाशी आधी हवापाण्यावर बोलतो. काय वाकडं झालंय?"

तिनं लॅपटॉप उघडला. तिच्यानं खोटं बोलवेना.

त्यानं एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा चष्मा लावून पाहिलं. तिसऱ्यांदा त्याचा डावा हात टेबलावर इतका थरथरायला लागला की चमचे वाजू लागले.

"हा प्यायलेला आहे?"

"हो."

"मग दारात का थांबला?"



"मी पीत नाही असं नाही. बांधकामावर काय काय प्यायलोय तुला सांगत नाही. प्यायलेला माणूस दारात थांबत नाही गं. त्याला दार दिसतच नाही. चौकटीवर खांदा आपटतो आणि चौकटीलाच शिव्या घालतो. त्याचा पाय कुठे आहे ते त्याला कळत नसतं. मला माझा पाय कुठे आहे ते पक्कं कळतं. तो ऐकत नाही, एवढंच." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं, बोट थरथरत होतं. "चालणं चोरलं ते चोरलं, वर उलटं बसवलंय. आणि हे काय? पिसू?"

"तुझी बोटं वाजतात ना, तिथे त्यानं..."

"ते कूच आहे!" हेल्गे ओरडला. कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडला. "नऊ वर्षांचा होतो, पावसात दोन तास उभं राहून शिकलो ते. तेवढ्या एका गोष्टीवर मी अजून उभा आहे, आणि त्याची खाज केली?" बटाट्यांचं पाणी उतू गेलं, कोणी उठलं नाही. "तो ड्रायव्हर परका होता. ही तुझी शाळा आहे, आस्ता."

आस्ताला रडू कोसळलं. पण खरा घाव पुढे होता. हेल्गेनं विचारलं, "आणि तू केलेला मी? तो कुठे आहे?"

तिनं तो शॉट लावला. तीन सेकंदांत संपला.

"हा कोण?"

"तूच, बाबा. लांब होतो म्हणाले, अकरा सेकंद कोणी बघत बसणार नाही, प्रेक्षक उठून जातील. म्हणून कापला."

"कोणी कापला?"

"मी."

हेल्गेनं लॅपटॉप मिटला. रागावला असता तर बरं झालं असतं. "तीन सेकंदांत मी आयुष्यात कुठल्या दारातून गेलोय?" एवढंच म्हणाला, आणि सावकाश उठून गॅस बंद केला. मग पाठमोराच म्हणाला, "गुरुवारी किती वाजता असतं तुमचं ते?"

"नऊला. पण बाबा, कसा येशील? मी गाडीची काहीतरी सोय..."

"बसनं येईन. आणि मी आलो की मला धरायला उठायचं नाही. शपथ घे."

गुरुवारी नऊ वाजून गेले तरी हेल्गे आला नाही. प्रेबेन पुढे बसला होता, घड्याळाकडे बघत. शॉट एकामागून एक सरत होते. बोका पडद्यावर आला, थांबला, मांडी खाजवून पडला. पोरं परत हसली, थोडी कमी, पण हसली.

"पुढे?" प्रेबेन म्हणाला.

"करून दाखव," आस्ता म्हणाली.

विलाड्सनं तिच्याकडे पाहिलं, मग प्रेबेनकडे. नियम तो नियम. तो उठला, पडद्यासमोर मोकळी जागा होती तिथे त्यानं हवेतलं दार कल्पलं, हवेतला पेला धरला आणि डुलत डुलत निघाला. आत गेला आणि छान पडला. टाळ्या पडल्या.

"थांबला नाहीस," आस्ता म्हणाली.

"काय?"

"बोका दारात नऊ सेकंद थांबतो. तू थांबलाच नाहीस. परत कर."

विलाड्सनं परत केलं. ह्या वेळी आठवणीनं थांबला, पण उभं राहून काय करायचं ते त्याला कळेना. पाय हलवले, हात हलवला, ओशाळून हसला. मागे बसलेली सोल्वाय म्हणाली, "अरे, लघवीला लागल्यासारखा दिसतोयस."

"दारात थांबलाय, त्या क्षणी त्याला काय हवंय?" आस्तानं विचारलं.

"त्याला... तो प्यायलाय, म्हणजे..."

"त्याला काय हवंय, विलाड्स?"

"आस्ता, पुरे," प्रेबेन म्हणाला. "गंमत म्हणून थांबतो तो. नऊ शॉट राहिलेत अजून, आपल्याला..."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. बाहेरच्या उजेडाची पट्टी आत पडली. दारात हेल्गे उभा होता. निळा शर्ट, वाऱ्यानं विस्कटलेले केस, डाव्या हातात केकचा पत्र्याचा डबा. रिकाम्या हातानं कोणाकडे जायचं नाही, ही त्याची जन्माची सवय. खोलीच्या दाराला आवाज अडवणारा जाड उंबरठा होता. हेल्गेनं खांदा पुढे केला. गुडघा मागे राहिला.

डबा खडखडू लागला.

चौदा डोकी वळली. त्यांनी ते थांबणं ओळखलं, दोनदा त्याला हसली होती ती. आणि प्रेबेन, ज्यानं उभा जन्म माणसं बघायला शिकवण्यात घालवला तो प्रेबेन, मोठ्यानं हसला. "वा, विलाड्स! नटसुद्धा आणलास? हुबेहूब आहे!"

"तो नट नाही," आस्ता म्हणाली. "तो माझा बाप आहे."

हसू खोलीत जिथल्या तिथे मेलं. आस्ताला उठून धावावंसं वाटत होतं, पण शपथ घेतली होती. तिनं खुर्चीची कड घट्ट धरली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. हेल्गे कोणाकडे बघत नव्हता. तो समोरच्या टेबलाकडे बघत होता, जिथे त्याला तो डबा ठेवायचा होता. उजव्या हाताची बोटं मांडीवर वाजू लागली, आधी चुकत, मग तालात. मग ते ऐकू आलं. बारीक, बसक्या आवाजातलं, तोंडातल्या तोंडात गुणगुणलेलं लहान मुलांच्या बँडचं कूच. सोल्वायनं हातातला मग आवाज न करता खाली ठेवला. चौथा ठोका पडला आणि पाऊल उचललं गेलं.

हेल्गे टेबलापाशी आला, डबा ठेवला, झाकण सरळ केलं.

"किती, आस्ता?"

"अकरा, बाबा."

"हं." तो प्रेबेनकडे वळला. "माझी मुलगी म्हणाली, अकरा सेकंद कोणी बघत बसत नाही. लोक उठून जातात म्हणे." त्यानं खोलीभर नजर फिरवली, सावकाश, एकेका खुर्चीवरून. "कोण गेलं?"

 प्रेबेनचा चेहरा उतरला होता. 

विलाड्स अजून त्या हवेतल्या दारापाशीच उभा होता. "मला खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं..."

"मला माहीत आहे काय वाटलं. तुझ्या आधी एका ड्रायव्हरलाही वाटलं होतं," हेल्गे म्हणाला. "प्यायलेला बोका हवाय ना तुला? शुक्रवारी संध्याकाळी जा कुठल्याही बारमध्ये, पाहिजे तितके मिळतील. आणि कॅमेऱ्यात कोणाचा तरी बाप हवाच असेल, तर स्वतःचा घेऊन जा."

प्रेबेननं घसा साफ केला. "तो शॉट काढू आपण. शनिवारी नसेल."

"काढाच," आस्ता म्हणाली. "आणि माझा शॉट मी परत अकरा सेकंदांचा करतेय. आज आणि उद्या बसून. शनिवारी तोच लागेल, ढोलासकट, आवाजासकट."

"कार्यक्रमाची वेळ ठरलेली आहे, आस्ता. आठ सेकंद कुठून..."

"बोक्याचे नऊ मोकळे झालेत ना? त्यातले घे. एक उरेल, तो तुला ठेव."

प्रेबेननं मान हलवली. होकार होता की नुसतीच मान, कोण जाणे, पण पुन्हा नाही म्हणाला नाही.

"चला," हेल्गे म्हणाला. "पावणेदहाची बस आहे. येताना ड्रायव्हर वेगळाच निघाला, तो जुना भेटला नाही. भेटायला हवा होता."

तो दाराकडे निघाला. उंबरठा तोच, आणि पाय तेच. दोन पावलांवर असताना खांदा पुढे झाला, गुडघा मागे राहिला. प्रेबेन धडपडत उठला आणि त्याचा कोपर धरायला गेला.

"हात नको," हेल्गे म्हणाला. "बाजूला हो. उजेड अडवतोयस."

प्रेबेन बाजूला झाला. हेल्गेची बोटं मांडीवर वाजू लागली. विलाड्स मान लांब करून त्याच्या पायांकडे टक लावून बघत होता, शिकवलं होतं तसं, गुडघा कुठे, टाच कुठे. आस्ता विलाड्सच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"डोळे मीट," ती म्हणाली. "बघून झालंय तुझं. आता ऐक."